न पाठवलेला प्रश्न

बंद पडलेल्या बँकेच्या दारात सकाळी नऊपासूनच रांग लागायची. बँक चालू होती तेव्हा एवढी माणसं तिथे कधी आली नसतील. आतले काउंटर तसेच होते, फक्त काचेच्या भोकांमागे आता कोणी बसत नव्हतं. टोकन नंबरचा लाल आकड्यांचा फळा मात्र पुन्हा जिवंत झाला होता. नंबर पेटला की बाकावरचं एक माणूस उठायचं आणि मागच्या तिजोरीच्या खोलीत जायचं. चार-पाच मिनिटांनी बाहेर यायचं तेव्हा त्याचा चेहरा बदललेला असायचा. कोणी रडत यायचं, कोणी हसत, कोणी नुसतंच भिंत धरून उभं राहायचं.

"काय सांगितलं?" बाकीचे विचारायचे.

"काय सांगायचं ठेवलं ते विचारा."

तिजोरीच्या खोलीत मनकवडे महाराज बसायचे. त्यांचं खरं नाव कोणाला माहीत नव्हतं आणि कोणी विचारतही नव्हतं. जो आपल्या पोटातलं ओळखतो त्याला त्याचं नाव कसं विचारणार? महाराज प्रश्न विचारत नसत. तुम्ही समोर बसायचं. ते डोळे अर्धे मिटून मान खाली घालायचे, थोडा वेळ ध्यानात जायचे आणि तुमच्या मनात काय आहे ते तुम्हालाच सांगायचे. अंदाजपंचे नाही, तुमच्याच शब्दांत.

आणि मनातलं काढायची पद्धतही नव्या जमान्याची होती. बाहेर बाकांवर महाराजांची सगळी व्यवस्था बघणाऱ्या एक ताई प्रत्येकाला समजावून सांगायच्या.

"मोबाईलचा डेटा बंद करा. बाहेरच्या जगाशी असलेली दोरी तोडायची. आता वायफाय उघडा. 'मनमोकळे' दिसतंय? लावा ते. पासवर्ड नाही हो काका, मनाला कुठे कुलूप असतं."

वायफाय लावलं की फोनवर आपोआप एक पांढरं पान उघडायचं. वर एकच ओळ: मनात आहे ते लिहा. खाली 'पाठवा' वगैरे बटणच नव्हतं.

"लिहिलंत? आता आपल्या हाताने पुसा. एक अक्षरसुद्धा ठेवू नका. आता सांगा, कुठे गेलं? कुठेच नाही. इथे इंटरनेटच नाही. हवं तर तपासून बघा."

लोक तपासायचे. बातम्या उघडत नसत, गाणं वाजत नसे. बँकेच्या जाड भिंतींमुळे फोनला रेंजही नसायची. कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याने तर स्वतः येऊन खात्री केली होती आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो ती देत होता. "मी मीटर लावून बघितलं. बाहेर काहीच जात नाही. एक टिंबसुद्धा नाही. मी या धंद्यात बारा वर्षं आहे."

तज्ज्ञाने एवढं सांगितल्यावर प्रश्नच मिटला. लिहिलं, पुसलं, कुठे गेलं नाही, तरी महाराजांना कळलं. म्हणजे मनातूनच कळलं.

आमच्या खालच्या मजल्यावर शिंपीणकाकू राहतात. त्या पहिल्यांदा जाऊन आल्या त्या दिवशी आमच्याकडे येऊन तासभर बसल्या. "मी लिहिलं होतं की बहीण बोलत नाही. ते म्हणाले, बहीण रुसली आहे ती निळ्या पडद्यांवरून. अगं, पडद्यांचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिचे पडदे मी शिवताना आखूड कापले होते. लिहिलं होतं खरं, पण लगेच पुसलं ना."

माझ्या सासूबाई ऐकत होत्या. शेजारी माझा नवराही ऐकत होता. आणि मी ऐकत होते, चिमीकडे बघत. मी कायमच चिमीकडे बघत असते.

चिमी आमची मुलगी, चार वर्षांची. वर्षभरापूर्वी तिला पहिली फिट आली. डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले, ओठ निळे पडले. तेव्हापासून सकाळी सात आणि संध्याकाळी सात अशा दोन वेळा तिला एक औषध असतं, बाटलीतलं, गोडसर. त्याची मात्रा नीट बसल्यापासून सात महिने फिट आली नव्हती. गंमत बघा, नेमकं हेच आमच्यावर उलटलं.

"आता कुठे काय होतंय तिला?" सासूबाई म्हणायच्या. "धडधाकट पोरीला रोज औषध पाजायचं म्हणजे काय."

"आई, औषध आहे म्हणून होत नाही."

"आणि नसतं तरी झालं नसतं, तर? तुला कुठून माहीत?"

सासूबाई वाईट नाहीत, हे आधीच सांगते. पहिल्या फिटनंतर दवाखान्यात तीन दिवस त्या चिमीच्या पायथ्याशी बसून होत्या, पाठ टेकली नाही. त्यांना फक्त एकच हवं होतं, नात औषधाशिवाय बरी झालेली बघायचं. तसं सांगणारा माणूस सापडला.

नवरा नुसता आईला सोबत म्हणून गेला होता. तो लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट मध्येच अडकली की आतली माणसं घाबरून काहीही बोलतात, आणि हा बाहेरून शांतपणे सांगत असतो, "काही नाही, एक वायर सैल झाली असेल, दोन मिनिटं." अशा माणसाची मला काळजी नव्हती. पण त्या दिवशी तो घरी आला आणि मोरीत जाऊन हात धूत राहिला. नळ चालूच.

"काय झालं?"

"त्यांनी मला असं काही सांगितलं, जे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुलासुद्धा नाही."

"काय?"

"ते नको विचारू."

सोबत आज्ञा आली होती. औषधामुळे मुलीच्या मनावर पडदा पडला आहे, महाराजांना आत बघता येत नाही. औषध थांबवा. तीन आठवड्यांनी तिला घेऊन या.

मी भांडले. रडले. मग गप्प बसले, आणि ते दोघंही समाधानाने गप्प बसले, कारण गप्प बसलेली बाई पटलेली असते असं घरात सगळ्यांना वाटतं. बाटली केराच्या डब्यात गेली. मला मात्र दुसऱ्या बाटलीचं ठाऊक होतं. ती कपड्यांच्या साबणाच्या डब्यामागे होती. रोज सात वाजता मी चिमीला तोंड धुवायला न्यायचे, दार लावायचे, नळ सोडायचे आणि चमच्याने औषध द्यायचे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीला, चोरासारखं. अठरा दिवस हे निभलं.

एकोणिसाव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, चिमी आजीला म्हणाली, "आजी, बाथरूममधलं गोड पाणी संपलं तर आई कुठून आणणार?"

सासूबाईंनी काही आरडाओरडा केला नाही. साबणाचा डबा बाजूला केला, बाटली उचलली, आपल्या कपाटात ठेवली, किल्ली लावली.

"तुझ्यामुळे महाराजांना काही दिसत नसेल," एवढंच म्हणाल्या. "मी काय वैरीण आहे का तिची?"

शनिवारी आमचं टोकन होतं. नवरा म्हणाला, "दोनच दिवस. शनिवारी काय ते ठरेल. तोवर देऊ नकोस."

मी मोरीत जाऊन चिमीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला, नळ सोडून. त्यांचा आवाज एकदम बदलला. "एकही डोस चुकवायचा नाही, हे औषध असं तोडता येत नाही. आत्ता घेऊन या."

तुम्ही म्हणाल, मग मुलीला उचलून सरळ का नाही गेलीस? गेले होते. दीड मजला उतरले होते. नवरा मागून आला आणि त्याने चिमीला माझ्या कडेवरून घेतलं. हिसकावून नाही. "ये गं राणी," म्हणत, हळूच, प्रेमाने, आणि तीही हसत त्याच्याकडे गेली. जिन्यात शिंपीणकाकू उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "इतका चांगला नवरा मिळालाय तुला, डोकं शांत ठेव बाई." मारणाऱ्या हातातून पोर ओढून घेता येतं. मायेच्या हातातून कसं ओढायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतर चिमीला मोरीत न्यायचं कामही सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं, आणि गुरुवारचा संध्याकाळचा डोस चुकला. मी स्वयंपाकघरात बसून एकच विचार करत होते. हा माणूस मनातलं ओळखत नाही, हे मला माहीत आहे. मग कसं?

आणि मग मला सगळ्यांच्या तोंडून ऐकलेलं ते आपोआप उघडणारं पांढरं पान आठवलं. असं पान मी स्वतः बनवलं होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आम्हा तीन मैत्रिणींचा प्रकल्प होता. पत्त्यांच्या कॅटएवढा एका पट्टीवरचा संगणक मिळतो. त्याला पडदा नाही, बटणं नाहीत, फोनच्या चार्जरवर चालतो. त्याला थोडे हुकूम दिले की तो स्वतःच वायफाय केंद्र होतो. आपल्याला हवं ते नाव तो हवेत पसरवतो. फोन जोडला गेला की त्याने काहीही मागू दे, बातमी मागू दे नाहीतर गाणं, हा स्वतःचंच पान पुढे करतो. आम्ही त्यावर कॅन्टीनमध्ये आज काय शिल्लक आहे त्याची यादी टाकली होती. इंटरनेटचा पत्ता नाही, तरी साऱ्या कॅन्टीनच्या फोनवर यादी दिसायची.

समजा एक पोस्टमन आहे. तो तुमची पत्रं घेतो, पण गावाबाहेर जातच नाही. सगळी पत्रं आपल्या घरी नेऊन वाचतो. बाहेरच्या पोस्टात जाऊन कितीही चौकशी करा, ते सांगणार, आमच्याकडे एकही पत्र आलं नाही. खरंच सांगतील ते.

आणि 'पाठवा' बटण नसलं म्हणून काय झालं? पान त्याचं आहे. तुम्ही एक अक्षर दाबलं की ते अक्षर त्याच्याकडे जातं. दुसरं दाबलं की दुसरं. नंतर तुम्ही पुसता ते तुमच्या फोनवरचं.

मी लगेच नवऱ्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"मोबाईलवाल्याने तपासलंय. तिथे इंटरनेट नाही."

"लागतच नाही इंटरनेट."

"मग जाणार कुठे?"

"त्याच खोलीत. पाच-दहा पावलांवर."

"तू एकदा तरी आत गेली आहेस का?" तो म्हणाला. "ज्याला कळलं त्याला विचार."

बोलून उपयोग नव्हता. दाखवावं लागणार होतं.

माझा तो जुना संगणक लग्नाच्या वेळी आणलेल्या पेटीत, एका स्वेटरच्या बाहीत गुंडाळलेला सापडला. शुक्रवारी दुपारी चिमी झोपल्यावर मी तो ओट्यावर ठेवला, चार्जर लावला आणि फोनवरच्या काळ्या पडद्यावर एकेक हुकूम टाइप करत बसले. इतक्या वर्षांत हात विसरले होते. फोन जोडला जायचा आणि लगेच तुटायचा. पुन्हा तपासलं तर प्रत्येक फोनला जोडणीचा क्रमांक देणाऱ्या ओळीत एक टिंब कमी. मध्येच सासूबाई आल्या.

"काय गं ते?"

"जुना रेडिओ आहे आई. बघते चालतोय का."

"काय मेलं खरकट्यात घेऊन बसलीस. त्यापेक्षा पोरीजवळ बस."

पोरीजवळ बसायलाच हे चाललं होतं, पण ते कसं सांगणार? चार वाजता माझ्या फोनवर नाव उमटलं: मनमोकळे. पांढरं पान उघडलं. एकच फरक ठेवला होता. माझा संगणक कोणाचंही काही साठवणार नव्हता. फक्त एका फोनचं लिहिलेलं माझ्या फोनवर दिसेल, नवऱ्याच्या, एवढीच सोय केली.

शनिवारी सकाळी चिमीच्या दुधाच्या पेल्यातून दोनदा दूध सांडलं. हात दचकल्यासारखा उडत होता. सासूबाई म्हणाल्या, "धांदरट झालीय नुसती." मला ठाऊक होतं, हा धांदरटपणा नव्हे. चार डोस चुकले होते.

बँकेत आम्ही दाराजवळच्या बाकावर बसलो. चिमी माझ्या मांडीवर, तिची पिशवी माझ्या पायाशी, पिशवीत तिच्या कपड्यांखाली तो संगणक आणि त्याला जोडलेली बॅटरी. फोन फक्त नाव ओळखतो. एकाच नावाची दोन केंद्रं असली तर ज्याचा जोर जास्त, त्याला चिकटतो. महाराजांचं केंद्र कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. माझं माणसांच्या मध्ये होतं. ताई येऊन समजावून गेल्या. सगळ्यांनी लिहिलं, सगळ्यांनी पुसलं.

पहिला नंबर एका म्हाताऱ्या ड्रायव्हरकाकांचा होता. ते पाच मिनिटांनी डोळे पुसत बाहेर आले. "शब्दन् शब्द सांगितला. माझ्या पहिल्या गाडीचा नंबरसुद्धा."

म्हणजे माझं काही चाललंच नाही. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, आता तरी पटलं का, असं. मी मान फिरवली आणि काका कुठे बसले होते ते बघितलं. काउंटरच्या टोकाला, भिंतीवरच्या जुन्या सूचना पेटीच्या अगदी खाली. बँकेच्या काळातली लाकडी पेटी, वर चीर, खाली कुलूप. आणि पेटीच्या मागून एक नवीकोरी पांढरी वायर खाली उतरली होती. सूचनांना वीज कशाला लागते?

दुसरा नंबर शिंपीणकाकूंचा. त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या आत गेल्या आणि तिजोरीच्या उघड्या दारातून आवाज यायला लागला.

"तुमच्या घरात एक चिंता आहे," महाराज म्हणाले.

"हो. कुठली?"

"जुनी चिंता आहे. एका व्यक्तीची."

"अहो, चिंता कोणाच्या घरात नाही? मागच्या वेळी तुम्ही पडद्यांचा रंग सांगितला होता."

"आज तुमचं मन अस्थिर आहे."

"माझं मन बरं आहे. मी नीट लिहून पुसलंय."

काकू बाहेर आल्या त्या पाय आपटतच. तिसऱ्या माणसाला महाराजांनी पाण्यापासून जपायला सांगितलं. चौथ्याला म्हणाले, तुमच्यावर कोणीतरी जळतं. बाकांवर कुजबुज सुरू झाली. मग महाराज स्वतः बाहेर आले. असं कधी होत नसे. उजेडात ते बरेच तरुण दिसत होते.

"आज इथे कोणीतरी मन झाकून बसलं आहे," ते म्हणाले. "त्याची सावली सगळ्यांवर पडते आहे."

बोलता बोलता त्यांनी ताईंकडे पाहिलं. ताई काउंटरच्या टोकाला गेल्या, कमरेची किल्ली काढली आणि सूचना पेटी उघडायला लागल्या.

मी उठले. चिमीला नवऱ्याकडे द्यायची माझी हिंमत नव्हती, म्हणून तिला कडेवर घेऊनच उभी राहिले.

"मन झाकणारी मी आहे," मी म्हणाले. "एकच विनंती आहे. माझा नवरा आत्ता इथे काहीतरी लिहील आणि पुसेल. तुम्ही सांगा त्याने काय लिहिलं. नाहीतर मी सांगते."

"अगं, बस खाली," सासूबाई कुजबुजल्या.

"मी परीक्षा देत नसतो, मुली," महाराज म्हणाले.

"मग मी देते. माझी घ्या."

नवऱ्याचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं तो आता मला दंडाला धरून बाहेर नेईल. पण त्याने फोन काढला. रागानेच काढला असेल. जे महाराजांशिवाय कोणाला कळणं शक्य नाही तेच लिहून मला एकदाची गप्प करू, असं त्याला वाटलं असावं. तो वळून भिंतीकडे तोंड करून लिहायला लागला.

माझ्या हातातल्या फोनवर अक्षरं यायला लागली. एकेक. मध्ये थांबत.

आठ महिन्यांची असताना चिमी माझ्या हातून पडली होती. डोक्यावर. तू घरी नव्हतीस. मी कोणाला सांगितलं नाही. तिला फिट माझ्यामुळे येते.

मग त्याने सगळं पुसलं आणि रिकामं पान दाखवत वळला. "हं. सांग."

मला ते मोठ्याने वाचता आलं नाही. सगळी बँक बघत होती. मी दोन पावलं पुढे गेले आणि माझा फोन त्याच्या हातात दिला. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग पिशवीतून तो संगणक काढून मी त्याच्या तळहातावर ठेवला.

"मला मनातलं कळत नाही," मी म्हणाले. "मला हे यानं सांगितलं. त्यांनाही अशाच एकानं."

"काय लिहिलंय?" सासूबाईंनी विचारलं.

"त्याचं त्याला ठाऊक, आई."

आणि मग फक्त त्याला ऐकू जाईल असं बोलले, "तिच्या मेंदूच्या रिपोर्टमध्ये जुन्या माराची खूण नाही असं लिहिलंय. मला तो पाठ आहे. तुझ्यामुळे काही झालेलं नाही. एकदा मला विचारायचं होतंस."

तो लिफ्टवाला माणूस आहे. त्याची नजर त्या संगणकावरून पांढऱ्या वायरीवर गेली. वायरीवर बोट ठेवून तो भिंतीने चालत निघाला. एका टोकाला ताई अर्धवट उघडी पेटी पाठीने झाकून उभ्या होत्या. "जरा सरका, ताई," तो कामावर बोलतो तसं म्हणाला, आणि त्या सरकल्या. आत माझ्याकडे होता तसाच एक संगणक, काळ्या डबीत, बारीक हिरवा दिवा लुकलुकत. मग शिंपीणकाकूच तिजोरीच्या खोलीत शिरल्या आणि महाराजांच्या आसनावरची शाल उचलून आल्या. शालीत फोन होता. फोनवर ड्रायव्हरकाकांच्या पहिल्या गाडीचा नंबर होता, त्यांनी लिहिला होता तसाच. ध्यान म्हणजे मांडीवरचं वाचणं.

महाराज गडबडले नाहीत. "यंत्र हे निमित्त असतं," ते म्हणाले. "शक्ती त्यामागे असते."

"मग निमित्त कुलपात कशाला ठेवलं होतं?" काकूंनी विचारलं.

त्या दिवशी टोकन घेऊन आलेला मोबाईलवाला गर्दीतून पुढे आला, पेटीत वाकून बघितलं. "म्हणजे बाहेर काहीच गेलं नव्हतं," तो हळूच म्हणाला.

"नाही," मी म्हणाले.

"मग माझं मीटर बरोबर होतं."

"मीटर बरोबर होतं, दादा. बाहेर जातंय का, एवढंच तुम्ही बघितलंत. आत कोण वाचतंय ते कोणी बघितलं नाही."

पुढची भांडणं ऐकायला मी थांबले नाही. मी चिमीला घेऊन दाराकडे निघाले, आणि या वेळी मागून आलेल्या नवऱ्याने तिला माझ्याकडून घेतलं नाही. त्याने दार उघडून धरलं.

"किती डोस चुकले?" त्याने विचारलं.

"चार."

गाडीत, दवाखान्याच्या अलीकडच्या चौकात, तिला फिट आली. मी तिला कुशीवर वळवलं आणि सेकंद मोजले. पन्नास. सासूबाई पुढच्या सीटवरून मागे वळून बघत होत्या, आणि त्यांच्या हातात कपाटाची किल्ली होती. ती त्या कोणाला देणार होत्या कोण जाणे. दवाखान्यात औषध पुन्हा सुरू झालं. दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला समोर बसवून मेंदूचं चित्र दाखवलं. त्याने तीनदा विचारलं, त्यांनी तीनदा न कंटाळता सांगितलं की पडण्याचा याच्याशी संबंध नाही. मग तो बाहेरच्या बाकावर बसून रडला. मी शेजारी बसले. कॉलेजात शिकलेलं काही त्या वेळी कामाचं नव्हतं.

महाराज आता दुसरीकडे कुठेतरी बसतात म्हणे. सासूबाई अजून म्हणतात, "तो लबाड निघाला, पण खरा एखादा असेलच की." मी वाद घालत नाही. औषध मात्र आता सकाळ-संध्याकाळ त्या स्वतः देतात, मोरीचं दार उघडं ठेवून.

हे सगळं लिहिलं ते त्या माणसाला शिव्या घालायला नाही. त्याच्याकडे गेलेली माणसं मूर्ख नव्हती. माझा नवरा मूर्ख नाही, मोबाईलवाला तर जाणता आहे. त्यांनी तपासलंसुद्धा. फक्त त्याने जिथे बघा म्हणून सांगितलं तिथेच बघितलं. म्हणून एवढंच सांगते. कोणी तुमच्या मनातलं ओळखलं तर भारावून जाण्याआधी आठवून बघा, ते तुम्ही कुठे लिहिलंत, कोणाच्या पानावर, कोणाच्या ऐकण्यात बोललात. वाट सापडतेच. सापडली नाही तर 'मला माहीत नाही' म्हणा आणि शोधत राहा, त्यात कमीपणा नाही. ज्या गोष्टीची लाज वाटते ती अनोळखी माणसाच्या पानावर लिहिण्याआधी घरातल्या एखाद्याला सांगा. आणि कोणी कितीही खरं सांगितलं, अगदी शब्दन् शब्द खरं, तरी त्याच्या सांगण्यावरून आपल्या लेकराचं औषध बंद करू नका. औषधाचं डॉक्टरांना विचारा, आणि ते काय म्हणाले ते घरात सगळ्यांदेखत सांगा.